चढावरच्या आवाजांची वही

१

वही गेली होती.

गुरुवारी दुपारी चारला हेडमास्तरांनी वाचनालयाची कडी काढली. आत चिटपाखरू नव्हतं, पण कोपऱ्यातलं लोखंडी कपाट वाजत होतं. टीं, टीं, टीं. सुईनं टोचावं तसा बारीक आवाज. कपाटाला बॅटरीवर चालणारं आकड्यांचं कुलूप होतं आणि त्याचं दार लागायला शेवटी एक धक्का द्यावा लागे. नाही दिला, तर ते असं कोकलत बसे. हेडमास्तरांनी दार ओढून पाहिलं. वरच्या खणात दोनशे बारा सह्यांचा अर्ज होता तसाच होता. खालच्या खणात काल संध्याकाळी तपकिरी कव्हरची जाड वही ठेवली होती. तिथे आता नुसता पत्रा दिसत होता.

दहाव्या मिनिटाला हेडमास्तर धापा टाकत कानवाल्या बाईंच्या दवाखान्यात उभे होते.

कानवाल्या बाई म्हणजे कान तपासणाऱ्या आणि ऐकू यायची यंत्रं बसवून देणाऱ्या बाई. वय चोपन्न, बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत मांजर भिंतीत अडकलं, तेव्हा तीन मजले भिंतीला कान लावत फिरून त्यांनी ‘इथं फोडा’ म्हणून बोट ठेवलं होतं आणि मांजर नेमकं तिथंच निघालं होतं. तेव्हापासून चढावर काही हरवलं, की लोक आधी बाईंकडे येत आणि मग पोलिसांकडे जात.

“बाई, उद्या अकराला सुनावणी आहे,” हेडमास्तर म्हणाले. “आणि वही नाही.”

त्या वहीत चार महिन्यांची मेहनत होती. रस्ता चढाचा, त्यामुळे गाडीवाली पोरं खालून मूठ पिळतच यायची. त्यातल्या निम्म्यांनी पायथ्याच्या गॅरेजात मूळ सायलेन्सर काढून फटाके वाजवणारे बसवून घेतलेले. गाडी गेली की खिडक्यांची तावदानं थरथरायची, पाळण्यातली पोरं दचकून उठायची. तळमजल्यावरची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपायची, ती शेवटी घर सोडून गेली. बाईंच्या दवाखान्यातल्या ध्वनिरोधक खोलीतसुद्धा ते फटाके शिरायचे आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागायची. शेवटी माणसं वाचनालयात जमली, समिती झाली, घरोघरी सह्या झाल्या. वाहतूक खात्याचे अधिकारी म्हणाले होते, तक्रारी शंभर येतात, मला नोंदी आणून दाखवा. म्हणून रोज संध्याकाळी पाच ते सात कोण गेलं, किती वाजता गेलं, मीटरवर आवाज किती आला, सगळं त्या वहीत होतं. ती नसेल तर पुढची तारीख सहा महिन्यांनी.

“कपाटाचा आकडा कुणाकुणाला माहीत आहे?” बाईंनी विचारलं.

“मला. वकीलबाईंना. वही लिहिणाऱ्या हवामानवाल्या काकांना.” हेडमास्तर घुटमळले. “आणि गॅरेजवाल्याला. कपाट भिंतीला ठोकायला तोच आला होता, आकडाही त्यानेच घातला. तो आम्ही बदलला नाही. राहून गेलं.”

“म्हणजे ज्याच्या गिऱ्हाइकांविरुद्ध वही, त्यालाच किल्ली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं.

२

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असे, पण दाराला नुसती कडी. वर्तमानपत्रं कोण चोरणार? तेवढ्या वेळात कुणीही आत शिरून बाहेर पडू शकलं असतं.

बाई कपाटापुढे गुडघ्यावर बसल्या. दार लावलं, ते टेकलं, आणि अर्ध्या मिनिटात वाजायला लागलं. एक धक्का दिला, खट् झालं, आवाज थांबला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. हेडमास्तर कानावर हात ठेवून उभे होते.

“थांबवा हो ते. पायरीवर होतो तेव्हापासून डोकं उठलंय माझं.”

“पायरीवरून ऐकू आलं तुम्हाला?”

“ऐकू येणार नाही तर काय? सत्तरीचा झालो म्हणून काय झालं.”

बाईंनी मान डोलावली. काहीतरी खटकत होतं, पण अजून हाताला लागत नव्हतं.

तेवढ्यात वकीलबाई आल्या. कोर्टातून थेट आलेल्या, काळा कोट हातावर. अर्ज त्यांनीच लिहिला होता आणि समितीत बोलायच्या त्याच. “हे कुणाचं काम आहे ते मला शंभर टक्के माहीत आहे,” त्या आल्या आल्या म्हणाल्या. “गॅरेजवाला. मागच्या आठवड्यात तो मला तोंडावर म्हणाला, तुमची वही एक दिवस जळेल.”

“म्हणाला असेल. पण आजच का? चार महिने वही इथेच होती.”

वकीलबाई थबकल्या. “कालच्या बैठकीमुळे. मी काल सांगितलं ना, अधिकारी आपल्या नोंदी वरच्या चौकातल्या कॅमेऱ्याशी ताडून बघणार आहेत म्हणून. ज्यांचे नंबर वहीत आहेत, ते आता सुटत नाहीत.”

“हे गॅरेजवाल्याला कळलं?”

“चढावर काय लपून राहतं, बाई?”

“बैठकीनंतर वही कपाटात कुणी ठेवली?”

“काकांनी.” वकीलबाईंना एवढ्या गडबडीतही हसू आलं. “तीही गंमतच. मी म्हटलं, काका, सही राहिली. तर म्हणतात, वही ठेवली की. मी पुन्हा म्हटलं, सही, सही. तर कपाटाकडे बोट दाखवून, अहो, वही ठेवली. सगळे हसले. शेवटी मी हातात पेन दिलं तेव्हा कळलं. आणि कपाटाचं दार त्यांनी नुसतं टेकवलं होतं, ते वाजायला लागल्यावर मीच ढकललं.”

कोटाखाली, पर्सच्या तळाशी कुठेतरी फोन टिणकन वाजला. वकीलबाईंचा हात लगेच तिकडे गेला. बाईंनी तेही पाहून ठेवलं.

“वहीच्या पानांचे फोटो आहेत का कुणाकडे?”

“माझ्याकडे आहेत, पण नुसत्या शेवटच्या महिन्याचे. अर्जात एखादं उदाहरण घालावं म्हणून काढले होते. आणि नुसते फोटो अधिकारी मानणार नाहीत, त्यांना मूळ वही हवी.”

बाईंनी फोन हातात घेतला. काकांचं अक्षर मोत्यासारखं. आयुष्यभर हवामान खात्यात पाऊस आणि तापमान लिहिलेला माणूस. सोमवार, ९१.३. बुधवार, ८८.७, ९४.२. मग मंगळवार आला. ९०, ९५, ९०, ९०, ९५.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. आणि ते सगळे फोटो त्यांनी आपल्या फोनवर मागवून घेतले.

३

गॅरेज चढाच्या पायथ्याशी. पुढे दहा-बारा दुचाक्या, आत तेलाचा वास, आणि एका गाडीखाली गॅरेजवाला स्वतः. गाडी चालू होती आणि अशी गर्जत होती की बाईंना पायातून ते जाणवलं. त्याच्या कानांवर मात्र जाड पिवळी झाकणं.

बाई त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. त्यांच्या खिशात काडेपेटीएवढी एक डबी असे. लहान मुलांचे कान तपासायला त्या ती वापरत. बटण दाबलं की बारीक शीळ निघे, साधारण त्या कपाटाच्या आवाजासारखीच. गॅरेजवाल्यानं गाडी बंद केली, झाकणं गळ्यात ओढली, आणि बाईंनी बटण दाबलं.

तो झटकन वळला. “काय वाजतंय?” मग बाईंना पाहून त्याचा चेहरा पडला. “आलात? मला वाटलंच होतं. वही गेल्याचं कळलं मला. मी नाही नेली.”

“जळेल म्हणाला होतात.”

“म्हणालो. तोंड आहे, सुटतं. बाई, मला वही चोरायची असती तर आकडा घालून कपाट उघडलं असतं, वही घेतली असती आणि कपाट पुन्हा नीट लावलं असतं. ते दार मीच बसवलंय. त्याला धक्का लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?”

हे खरं होतं. बाईंनी त्याच्या गळ्यातल्या पिवळ्या झाकणांकडे बोट केलं. “ही का घालता?”

“दिवसभर हे ऐकून कान जातील की.”

“तुमचे कान तुम्ही झाकले. वर चढावर राहणाऱ्यांचे कुणी झाकायचे?”

गॅरेजवाला हातातला पाना उगाच फडक्यानं पुसत राहिला. मग जरा गुरगुरत म्हणाला, “माझेही दिवस काही बरे नाहीत. तुमच्या समितीनं माझं गिऱ्हाईक तोडलं, मग तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी पाण्याची नळी फुटली. इथंच, चढाच्या तोंडाशी. साडेचारपासून सव्वासातपर्यंत रस्ता खणलेला, बंद. सायकल जायला जागा नव्हती. मोटारसायकल तर सोडाच.”

बाई पुढे सरकल्या. “साडेचार ते सव्वासात? नक्की?”

“दुकानाच्या पायरीवर बसून मोजत होतो ना. दुसरं काम काय होतं?”

बाईंनी वकीलबाईंनी पाठवलेले फोटो पुन्हा उघडले. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. पाच वाजून दहा मिनिटं, एक गाडी, ९०. पाच पस्तीस, दुसरी, ९५. एकूण पाच गाड्या, नंबरांसकट. ज्या रस्त्यावरून सायकलही जात नव्हती, त्या रस्त्यावरून.

चढ चढताना बाईंना धाप लागली नाही. अंगात वारं शिरल्यासारख्या त्या निघाल्या होत्या.

४

हवामानवाल्या काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. वय बहात्तर, एकटा जीव, पण घर असं लख्ख की चप्पल काढायलाही संकोच वाटावा. रस्त्याकडच्या गॅलरीत खुर्ची, तिपाईवर मीटर. सहा वाजले होते. काका आज सुट्या कागदावर नोंदी करत होते.

“या बाई, या. ऐकलं मी. फार वाईट झालं.” त्यांनी स्वतः चहा केला, कप बशीत नीट मध्यभागी ठेवला.

“काका, तुम्हाला कुणाचा संशय येतो?”

“संशय कुणावर घ्यायचा? सगळी आपलीच माणसं.” बोलताना ते बाईंच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. बाईंच्या व्यवसायात ही नजर रोजची.

बाईंनी विषय बदलला. पावसाचं विचारलं. काका खुलले. गारपिटीचं सांगायला लागले. एका वर्षी लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि त्यांनी डोक्यावर पातेलं धरून पर्जन्यमापक वाचला होता. बाईंनी खिशातली डबी काढली, चहाच्या कपाशेजारी टेबलावर ठेवली, आणि सहज काहीतरी चाळा करावा तसं बटण दाबलं.

शीळ सुरू झाली. बाईंच्या कानात ती रुतत होती. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. काका गारांचं वजन सांगत होते.

बाईंनी बटण सोडलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. कोडं सुटत चाललं होतं. पण समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा इतका निष्पाप खुललेला होता, की त्यांना पुढचं विचारवेना.

“काका, खात्यात किती वर्षं काढलीत?”

हा प्रश्न त्यांनी सावकाश, तोंड समोर ठेवून विचारला.

“चाळीस. पुरती चाळीस.” काकांनी मागच्या मांडणीकडे अभिमानानं हात केला. “सरकारी वह्या तिकडे राहिल्या. पण मी हौसेनं दर वर्षाची एक प्रत घरी लिहून ठेवली. एका वर्षाला एक वही. एक ओळ गाळलेली नाही.”

मांडणीवर तपकिरी कव्हरच्या जाड वह्या ओळीनं उभ्या होत्या. समितीच्या वहीलाही कव्हर काकांनीच घातलं होतं, त्याच कागदाचं. बाई उठल्या. पहिल्या वहीवर बोट ठेवलं आणि एकेक करत मोजायला लागल्या. खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता. काकांच्या हातातली बशी हळूच किणकिणली.

बाईंचं बोट शेवटच्या वहीवर थांबलं.

“एक्केचाळीस,” त्या म्हणाल्या.

५

काकांनी बशी खाली ठेवली. मग उठले, शेवटून तिसरी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

“जाळणार होतो,” ते म्हणाले. “काडी हातात घेतली होती. नाही जमलं. लिहिलेली नोंद मी आजवर फाडलेली नाही.”

“कसं कळलं ते सांगू?” बाई त्यांच्या समोर बसल्या. “चोरानं कपाट उघडं टाकलं नव्हतं. त्यानं दार लावलं होतं. म्हणजे घाई नव्हती, मागे काही दिसू नये अशी इच्छा होती. पण दार लागलं नाही, ते वाजत राहिलं, आणि तो निघून गेला. असं कोण जाईल? ज्याला तो आवाज ऐकूच आला नाही, तोच. हेडमास्तरांना तो पायरीवरून ऐकू आला. वकीलबाईंना पर्सच्या तळातला फोन ऐकू येतो. गॅरेजवाल्यानं माझी शीळ पाठमोरा असताना पकडली. आत्ता तीच शीळ या टेबलावर वाजली, काका. मघाशी. कुत्रं भुंकलं.”

काकांनी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं.

“काल वकीलबाई सही म्हणाल्या, तुम्हाला वही ऐकू आलं. कानातून सगळ्यात आधी जातो तो ‘स’. मग पातळ आवाज जातात. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतंय.”

“मला वाटलं, लोकच हल्ली पुटपुटतात,” काका म्हणाले.

“सगळ्यांना तसंच वाटतं. पण वही का नेलीत, ते कानामुळे नाही. रस्ता खणलेल्या मंगळवारी तुम्ही पाच गाड्या लिहिल्यात. तुम्ही कायम दशांशात लिहिता, त्या दिवशी सगळे गोल आकडे. आणि असं फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, गेल्या महिन्यापासून. त्या दिवशी तुम्ही या खुर्चीत नव्हता. कॅमेऱ्याचं कळल्यावर तुम्ही घाबरलात. कुठं जात होतात, काका?”

गॅलरीखालून एक गाडी कडकडत गेली. काकांचं डोकं सवयीनं मीटरकडे वळलं, मग खाली झुकलं.

“मोठा भाऊ,” ते म्हणाले. “गावाच्या त्या टोकाला रुग्णालयात आहे. अर्धं अंग गेलंय. भेटायची वेळ पाच ते सात, मंगळवार आणि शुक्रवार. बावीस वर्षं आम्ही बोललो नाही. वडिलांचा रेडिओ कुणाकडे राहायचा, यावरून. हसू नका.”

“हसत नाही.”

“चढावर सगळ्यांना माहीत आहे, मी म्हणालो होतो की त्याच्या मयतालाही जाणार नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू, की पेज भरवायला जातो म्हणून? आणि खुर्ची रिकामी ठेवायची, तर समितीनं एवढा विश्वास टाकलेला. वाटलं, रोज त्याच गाड्या, त्याच वेळा. अंदाजानं लिहिलं तर काय बिघडतं? आठ दिवस. अडतीस नोंदी.” त्यांचा आवाज फाटला. “चाळीस वर्षांत पावसाचा एक थेंब मी अंदाजानं लिहिला नव्हता.”

बाईंना त्यांचा हात धरावासा वाटला. पण त्याआधी एक गोष्ट बोलायलाच हवी होती.

“काका, त्या अडतीस नोंदींत खऱ्या माणसांच्या गाड्यांचे नंबर आहेत. त्या दिवशी ती पोरं तिथं नसतीलही.”

“म्हणून तर झोप नाही.”

“मग उद्या काय करायचं?”

काकांनी वही उघडली. खिशातून लाल पेन्सिल काढली. पहिल्या खोट्या नोंदीवर एक सरळ, पट्टीनं आखल्यासारखी रेघ मारली. मग दुसरी. बाईंनी त्यांच्या कपातला गार चहा ओतून टाकला आणि नवा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या.

६

शुक्रवारी अकराला सुनावणीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. चढावरची पन्नास-साठ माणसं आली होती. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठ्या टेकत आलेले आजोबा, घर सोडून गेलेली ती नर्सही. मागच्या भिंतीला टेकून गॅरेजवाला. वही सापडली एवढंच सगळ्यांना कळलं होतं. ती कुठे सापडली, हे बाईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं, अगदी हेडमास्तरांनाही. ते सांगण्याचा हक्क एकाच माणसाचा होता. तो माणूस ऐन वेळी गप्प बसला तर काय करायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं नव्हतं.

अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी वही पुढ्यात ओढली. “सहाशे नऊ नोंदी. कॅमेऱ्याशी पडताळणी सुरू करू या.”

“एक मिनिट, साहेब,” काका उभे राहिले. “सहाशे नऊ नाहीत. पाचशे एकाहत्तर आहेत. अडतीस खोट्या आहेत. मी लिहिल्या.”

वकीलबाईंचा हात कपाळावर गेला. हेडमास्तर अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

काकांनी सगळं सांगितलं. आठ तारखा पाठ म्हणून दाखवल्या. भाऊ, रेडिओ, काल दुपारचं कपाट, काहीही गाळलं नाही. मधेच कुणीतरी मागून ‘काका, बसा’ म्हणालं, ते त्यांना ऐकू आलं नाही. “माझ्या एकट्याची चूक आहे,” ते शेवटी म्हणाले. “माझ्यामुळे या लोकांना सहा महिने थांबवू नका.”

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहीची पानं उलटली. लाल रेघा पाहिल्या. घड्याळाचा काटा जागचा हलेना.

“मी चौदा वर्षं इथं बसतोय,” अधिकारी म्हणाले. “स्वतःची तक्रार कमी करून द्यायला आजवर कुणी आलेलं नाही.” त्यांनी शेजारच्या कारकुनाला खूण केली. “उरलेल्यांतल्या कुठल्याही दहा निवडा. लावा कॅमेरा.”

पडद्यावर वरचा चौक दिसायला लागला. पहिली नोंद, पाच बावीस. चौक रिकामा. सगळ्यांच्या माना पुढे. मग कोपऱ्यातून गाडी आली आणि नंबर जुळला. दुसरी जुळली. चौथीला मागच्या बाकावरच्या बाया हळूच मोजायला लागल्या. सातवीला गाडी दिसेना. अधिकाऱ्यांनी पेन टेबलावर आपटलं. दहा सेकंद, वीस सेकंद, आणि एका ट्रकच्या आडून ती बाहेर आली. कुणीतरी जोरात श्वास सोडला आणि सगळी खोली हसली. आठ. नऊ. दहावीला हेडमास्तर, ज्यांनी आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलं होतं, तेच टाळी वाजवून बसले.

आदेश त्याच दुपारी निघाला. चढाच्या तोंडाशी रोज संध्याकाळी तपासणीची चौकी, आणि ज्यांचे नंबर पाचशे एकाहत्तरांत, त्यांना गाडी घेऊन हजर राहण्याची नोटीस. लोक जिन्यात एकमेकांना मिठ्या मारत होते. हेडमास्तरांनी काकांना बाजूला घेतलं. “मंगळवार-शुक्रवार मी बसतो खुर्चीत,” ते म्हणाले. “सांगितलं असतंत तर पहिल्या मंगळवारपासून बसलो असतो.” वकीलबाई मात्र दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या.

गॅरेजवाला गर्दी ओसरेपर्यंत थांबला. “बाई,” तो म्हणाला, “पोरांचे काढलेले मूळ सायलेन्सर मी टाकलेले नाहीत. माळ्यावर पडलेत, चिठ्ठ्या लावून. नोटिसा जायच्या आधी बोलावून घेतो एकेकाला. बसवून टाकतो.”

“झाकणांची एक जोडी मलाही द्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही चाचणी घ्याल त्या दिवसापुरती.”

तो पहिल्यांदाच हसला.

७

दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, काकांच्या दोन्ही कानांत नवी यंत्रं बसली. दवाखान्यातून बाहेर पडताच ते दारातच थांबले.

“हे काय वाजतंय?”

“तुमच्या चपला,” बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आवाजांनी माणूस बावरतो, म्हणून बाई त्यांच्याबरोबर बसनं रुग्णालयात गेल्या. वाटेत काका तिकिटाचा कागद चुरगाळून ऐकत होते, खिडकीच्या काचेवर नख वाजवून ऐकत होते. मग बाईंकडे वळले.

“तुम्हाला एक सांगतो. तो जास्त बोलू शकत नाही. जीभ जड झालीय. पण पहिल्या दिवसापासून माझ्याकडे बघून एकच म्हणतो, आठवत नाही. मी हात धरतो, की पुन्हा तेच, आठवत नाही.” काकांचे डोळे भरून आले. “बावीस वर्षांचं भांडण, बाई. तो म्हणतो, आठवत नाही. यापेक्षा मोठी क्षमा काय असते?”

भावाची खाट खिडकीपाशी होती. खिडकी सताड उघडी, खाली मोठा रस्ता. म्हातारा उशीला टेकून बसला होता, चेहऱ्याची एक बाजू झोपलेली, दुसरी अगदी जागी. काकांनी स्टुलावर बसून हात धरला. खालून एक गाडी मूठ पिळत गेली आणि खाटेची लोखंडी पट्टी झणझणली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, ओठ गोळा केले आणि जीव एकवटून बोलला.

काका ताठ झाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग पुन्हा भावाकडे, चेहरा अगदी जवळ नेत. “काय म्हणालास? परत म्हण.”

“सोसवत नाही,” म्हातारा म्हणाला. चांगल्या हातानं त्यानं खिडकीकडे बोट केलं. “आवाज. सोसवत नाही. खिडकी.”

काका जागचे हलले नाहीत. बाईंना वाटलं, आता हा माणूस कोसळतो. मग ते उठले, दोन्ही झडपा ओढून घेतल्या, कडी लावली आणि परत येऊन बसले. खोली शांत झाली. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

“एवढे दिवस हेच सांगत होतास?” काकांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली.

“मग ते... भांडण?” काकांचा आवाज अगदी लहान झाला होता. “रेडिओचं. ते आठवत नाही ना तुला?”

म्हातारा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. चेहऱ्याची जागी बाजू हळूहळू वर उचलली गेली.

“ते,” तो एकेक शब्द सोडवत म्हणाला, “चांगलं आठवतंय.”

आणि त्यानं काकांचा हात घट्ट धरून ठेवला.